नव्वद मिनिटांचे किती मार्क?

बारावीच्या प्रिलिमचे केमिस्ट्रीचे पेपर आले की आमच्या स्टाफरूमला अवकळा येते. कपाटांवर, खिडकीत, चहाच्या ट्रेखाली, जागा मिळेल तिथे गठ्ठे. पंखा लावला की पानं फडफडतात आणि बंद केला की कपाळावरचा घाम उत्तरपत्रिकेवर ठिबकतो, म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर लॅबमधून आणलेली रिएजंटची एकेक जाड बाटली. अशाच एका दुपारी शेजारच्या टेबलावरच्या मॅडम उघडा पेपर घेऊन माझ्याकडे आल्या. नव्यानेच रुजू झालेल्या, अजून प्रत्येक ओळ वाचून टिक करणाऱ्या. "मॅडम, याला किती देऊ?" प्रश्न तीन मार्कांचा, नेहमीचाच. फर्स्ट ऑर्डर रिअ‍ॅक्शनची हाफ लाइफ, म्हणजे दर वेळी उरलेल्यातलं निम्मं संपायला लागणारा वेळ, ३० मिनिटं आहे, तर रिअ‍ॅक्शन ८७.५ टक्के पूर्ण व्हायला किती वेळ लागेल? मुलाने सूत्र लिहिलं नव्हतं. के, म्हणजे वेगाचा स्थिरांक, काढला नव्हता. लॉग टेबल उघडल्याची कुठलीच खूण नव्हती. त्याने १०० लिहून बाण काढला, पुढे ५०, मग बाण, २५, मग बाण, १२.५. प्रत्येक बाणाच्या डोक्यावर बारीक अक्षरात '३०'. आणि खाली, दोनदा अधोरेखित करून, ९० मिनिटं.

मी म्हटलं, तीन. मॅडम म्हणाल्या, मी दोन देणार होते. आमच्या बोलण्याने मान वर केलेल्या ज्येष्ठ सरांनी चष्मा कपाळावर ढकलून पेपर हातात घेतला, एक नजर टाकली आणि परत देत म्हणाले, "एक. तोही उत्तर बरोबर आहे म्हणून."

एकाच खोलीत, एकाच विषयाचे आम्ही तिघं, आणि आकडे तीन.

सरांचं म्हणणं टाकाऊ नव्हतं, हे आधी सांगते. मॉडेल आन्सर त्यांनीच काढलेलं. आधी के बरोबर ०.६९३ भागिले ३०, म्हणजे ०.०२३१. मग २.३०३ भागिले के, गुणिले लॉग १०० भागिले १२.५. तो होतो लॉग ८, टेबलात ०.९०३१. गुणाकार केला की उत्तर येतं ९०.०४ मिनिटं. प्रत्येक पायरीला अर्धा मार्क, शेवटी एककासह उत्तराला अर्धा. "पायऱ्याच नाहीत तर मार्क कशाला द्यायचे?" सरांनी विचारलं. "आणि मी ८७.५च्या जागी ८० टक्के दिले असते, तर या बाणांनी काय केलं असतं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाण ८० टक्क्यांवर पोहोचत नाहीत, मध्येच कुठेतरी लटकतात. पण सरांनी ८० दिले नव्हते ना. त्यांनी ८७.५ दिले, कारण त्याचा लॉग सुटसुटीत येतो. पेपर काढणाऱ्याची ती सोय मुलाच्या लक्षात आली आणि त्याने तिचा फायदा घेतला. शिवाय आमचं ९०.०४ हे ०.६९३, २.३०३ आणि चार अंकी लॉग टेबलाच्या काटछाटीतून आलेलं. त्या मुलाचं ९० तंतोतंत. आमच्या आदर्श उत्तरापेक्षा त्याचं उत्तर जास्त बरोबर होतं, आणि त्याला एक मार्क द्यावा की दोन यावर आम्ही वाद घालत होतो.

त्या दिवशी निकाल लागला नाही. पुढचा तास होता, मॅडमनी पेपरला पेन्सिलीने चौकट करून तो बाजूला ठेवला.

केमिस्ट्री तपासणं सोपं, असं मराठीच्या आणि इतिहासाच्या शिक्षकांना वाटतं. तुमचं काय, उत्तर बरोबर नाहीतर चूक. त्यांना एकदा षटकोन दाखवायला हवा. बेंझीनची रिंग म्हणजे षटकोन आणि आत वर्तुळ, किंवा एकाआड एक तीन दुहेरी बंध. घाईत मुलं नुसता षटकोन काढतात, वर एक ओएच चिकटवतात आणि पुढे जातात. नियमाने बघितलं तर ते फिनॉल नाही, सायक्लोहेक्झॅनॉल आहे, वेगळाच पदार्थ. पण प्रश्नात फिनॉल असं स्वच्छ लिहिलेलं आहे, पुढची सगळी रिअ‍ॅक्शन फिनॉलचीच आहे, पोराच्या डोक्यात वर्तुळ आहे, कागदावर नाही. कापायचा का अर्धा? कापला, तर त्याच पेपरात रायमर-टीमन, गॅटरमन-कोच अशा नावाजलेल्या प्रक्रिया आहेत, प्रत्येक ठिकाणी तोच रिकामा षटकोन. प्रत्येक वेळी कापायचा की एकदाच? एकदाच कापणाऱ्याकडे त्या मुलाचा अर्धा जातो, दरवेळी कापणाऱ्याकडे दोन. चूक तीच, मूलही तेच. कोऑर्डिनेशन कंपाउंडमध्ये कोबाल्टच्या 'सीओ' या चिन्हातला 'ओ' कॅपिटल काढणारी मुलं तर दरवर्षी असतात. मोठ्या 'ओ'ने कोबाल्टचा कार्बन मोनॉक्साइड होतो. पण दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाचा हात रोमन लिपीत कॅपिटल आणि स्मॉल यांत किती फरक करतो, हे ज्याने त्यांच्या वह्या पाहिल्यात त्यालाच ठाऊक.

अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी १९१२ साली इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांच्या नकला कितीतरी शाळांत पाठवल्या आणि शिक्षकांना तपासायला लावल्या. मार्कांत मोठी तफावत निघाली. लोक म्हणाले, इंग्रजी आहे, निबंध-बिबंध, तिथे असं होणारच. मग पुढच्याच वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली. शंभराहून जास्त गणिताच्या शिक्षकांनी तोच पेपर तपासला आणि मार्क आले शंभरपैकी तिशीच्या आतपासून ते नव्वदीच्या पुढेपर्यंत. म्हणजे तफावत इंग्रजीपेक्षाही वाढली. पायरीला किती, नीटनेटकेपणाला किती, उत्तर चुकलं पण वाट बरोबर असेल तर किती, हे ज्याचं त्याने ठरवलेलं. त्याच्याही आधी, १८८८मध्ये, इंग्लंडच्या एजवर्थ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने परीक्षेच्या मार्कांकडे मापनातल्या चुकीसारखं बघायचं सुचवलं होतं. हे वाचल्यापासून मला लॅबमधली बुरेट, द्रव मोजून सोडायची ती आकडे असलेली काचेची नळी, वेगळी दिसते. बुरेटच्या रीडिंगमध्ये ०.१ मिलिलिटरच्या खाली विश्वास ठेवायचा नाही, हे आम्ही अकरावीच्या पहिल्या महिन्यात पोरांना बजावतो. आणि त्याच पोरांच्या मार्कशीटवर ६३ असा ठणठणीत आकडा छापतो, ज्याच्या पुढेमागे किती धरायचं हे कुणी विचारत नाही.

बोर्डाच्या पेपरांना निदान मॉडरेटरची मीटिंग असते. मार्चचं ऊन, एखाद्या मोठ्या कॉलेजचा हॉल, सांगली-सातारा-कोल्हापूरकडून आलेली मंडळी, बाकांवर मुलांनी कंपासने कोरलेली नावं आणि त्या नावांवर कोपर टेकून बसलेले केमिस्ट्रीचे शिक्षक. तिथे काय ठरतं ते बाहेर सांगायचं नसतं, म्हणून सांगत नाही. पण ते कसं ठरतं, हे बघण्यासारखं असतं. एकेक प्रश्न वाचला जातो, कुणीतरी उठून म्हणतं, पोरांनी असंही लिहिलंय. कुणी म्हणतं, नर्न्स्टच्या समीकरणातला आकडा पुस्तकात ०.०५९२ आहे, काहींनी ०.०५९ घेतलंय, मग शेवटचा अंक बदलतो. दोन्ही बाजूंनी चर्चा होते, कधी आवाज चढतात, आणि शेवटी ते तीन शब्द येतात ज्यांवर हजारो मुलांचं अर्धं-अर्धं अवलंबून असतं: 'ग्राह्य धरण्यात यावे.' सगळ्यांची पेनं एकदम खाली वाकतात. त्या क्षणी मला आमच्या धंद्याचा अभिमान वाटतो. वडापाव थंडगार असतो, मानधनाबद्दल न बोललेलं बरं, तरी एवढ्या लोकांनी एका बिनवर्तुळाच्या षटकोनावर पाऊण तास भांडावं, यात काहीतरी चांगलं आहे.

अर्थात हॉलमधलं एकमत गठ्ठ्यापर्यंत जाताना विरतं. कॉलेजचे तास चालू असतात, अकरावीची परीक्षा तोंडावर असते, अधूनमधून एखाद्या वर्षी तपासणीवर बहिष्कार असतो. बहिष्कार कारणानेच होतो, मीही त्यात असते. पण तो मागे घेतला की निकालाचं वेळापत्रक काही मागे सरकत नाही. मग रात्री जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर, भाजीच्या वासात, पेपर. रात्री अकरानंतर प्रत्येक शिक्षकाचा हात एकतर सैल होतो नाहीतर आखडतो. माझ्या एका मैत्रिणीचा सैल होतो. आमच्या सरांचा आखडतो, हे ते स्वतःच सांगतात.

पण थकवा हा मोठा शत्रू नाही. थकवा कळतो, उठून तोंड धुता येतं. कळत नाही ती दया.

फिनॉल हा इथेनॉलपेक्षा जास्त आम्लधर्मी का, हा प्रश्न घ्या. दोन मार्क. हायड्रोजन सोडल्यावर फिनॉलचा जो फिनॉक्साइड उरतो, त्याच्यावरचा ऋणभार रिंगमध्ये पसरतो, म्हणून तो आयन स्थिर होतो. इथॉक्साइडमध्ये असं काही होत नाही. एवढं उत्तर. एका पेपरात लिहिलेलं असतं, "ड्यू टू रेझोनन्स स्टॅबिलायझेशन, फिनॉल इज मोअर अ‍ॅसिडिक दॅन इथेनॉल." निळ्या शाईत, वळणदार, समास सोडून, महत्त्वाचे शब्द अधोरेखित. हे वाक्य कुठल्याही गाइडमध्ये मिळतं. कोण स्थिर होतं, का होतं, इथॉक्साइडचं काय, काही नाही. पण डोळा सुखावतो, आणि हात दीडकडे जातो, कधी दोनकडेही. पुढचा पेपर. अक्षर म्हणजे पाऊस पडलेल्या अंगणातल्या कोंबडीच्या पायांसारखं. "इन फिनॉल मायनस चार्ज डझ नॉट सिट वन प्लेस, इट गो ऑल रिंग. इन इथेनॉल मायनस सिट ओन्ली ऑन ओ. सो नॉट हॅपी." व्याकरण मोडून पडलेलं आहे, 'हॅपी' वाचून हसू येतं, आणि हसता हसता हात एकवर थांबतो. आता शांतपणे बघा. या दुसऱ्या मुलाने दोन्ही मुद्दे लिहिले आहेत. भार एका जागी बसत नाही, सगळ्या रिंगमध्ये फिरतो. तिकडे मात्र ऑक्सिजनवरच अडकून बसतो. रेझोनन्स हा शब्द त्याच्याकडे नाही, रेझोनन्स आहे.

आमच्याकडे अकरावी सायन्सला येणाऱ्यांत खेड्यावरच्या मराठी शाळेतली मुलं भरपूर. इथे आल्यावर सगळं इंग्रजीत. वर्गात मी मराठीत समजावते, फळ्यावर इंग्रजीत लिहिते, ती मनात मराठीत धरतात आणि पेपरात इंग्रजीत सोडतात. या वाटेत जे सांडतं त्याचे मार्क जातात. इंग्रजीच्या चुकांचे कापू नका, असं प्रत्येक जण म्हणतो, आणि कुणी मुद्दाम कापतही नाही. कापलं जात नाही, वाढवलं जातं. काठावरच्या उत्तराला 'जाऊ दे, मुलगी हुशार दिसतेय' म्हणून जो अर्धा वर चढतो, तो नेहमी सुवाच्य अक्षरालाच चढतो. आपण सढळ आहोत असं वाटत राहतं आणि त्या सढळपणाचा वाटा एकाच बाजूला जात असतो. कडक शिक्षकापेक्षा मला आताशा दयाळू शिक्षकाची जास्त भीती वाटते. कडक शिक्षक निदान सगळ्यांना सारखाच कडक असू शकतो. आपली दया मात्र ओळखीचा चेहरा शोधते, आणि वळणदार इंग्रजीत तो तिला लगेच सापडतो.

म्हणून मी पेपर सलग तपासत नाही. एक प्रश्न सगळ्या गठ्ठ्यात, मग पुढचा प्रश्न सगळ्या गठ्ठ्यात. पानं उलटण्यात वेळ जातो, मनगट दुखतं, सहकारी हसतात. पण फिनॉलची उत्तरं एकापाठोपाठ एक वाचली की अक्षर मागे पडतं आणि मुद्दा दिसायला लागतो. पहिल्या दोन प्रश्नांत उत्तम लिहिणाऱ्या मुलाचा तिसरा प्रश्न त्या कौतुकाच्या उजेडात वाचला जात नाही. प्रत्येक प्रश्नाला गठ्ठा वरखाली करून घेते, म्हणजे माझा उत्साह दरवेळी त्याच मुलांच्या वाट्याला येऊ नये. शेजारी पाठकोरा कागद असतो. त्यावर एका ओळीचे निवाडे: रिंगमध्ये वर्तुळ नाही, पेपरात एकदाच अर्धा. एकक नाही, अर्धा. लॉग चुकला पण पुढचं त्यानुसार बरोबर, फक्त उत्तराचा अर्धा. एखादा निवाडा चाळिसाव्या पेपराला बदलावासा वाटला, तर आधीचे एकोणचाळीस परत उघडायचे, नाहीतर बदलायचा नाही. ही अट फार उपयोगी आहे. परत उघडायचा कंटाळा इतका असतो की पहिलाच निवाडा माणूस नीट विचार करून देतो.

हे सगळं प्रिलिमला जमतं. बोर्डाच्या गठ्ठ्याला जमेल तेवढं.

तर तो ९० मिनिटांचा पेपर. दुसऱ्या दिवशी मॅडमनी एक चांगलं काम केलं. तेवढ्या एका प्रश्नासाठी त्यांनी तिन्ही डिव्हिजनचे गठ्ठे चाळले. बाण काढणारं आणखी कुणी आहे का, हे बघायचं होतं. ते सापडलं, दुसऱ्या डिव्हिजनमध्ये एक मुलगी, तिनेही तसंच केलं होतं आणि तिला सरांनी एकच दिला होता. पण त्याबरोबर भलतंच एक सापडलं. एका मुलाने सूत्र झोकात लिहिलं, के बरोबर काढला, आणि लॉगमध्ये १२.५च्या जागी ८७.५ टाकले. उरलेलं घ्यायचं तिथे संपलेलं घेतलं. ही चूक दरवर्षी होते. मग १०० भागिले ८७.५, त्याचा लॉग ०.०५८०, आणि उत्तर ५.७८ मिनिटं. मॉडेल आन्सरप्रमाणे त्याला दीड मिळाला होता, आणि तो रास्तच होता, पायऱ्या होत्याच. मॅडमनी काही न बोलता त्या मुलीचा आणि या मुलाचा पेपर सरांच्या समोर शेजारी-शेजारी ठेवले. इकडे ९० मिनिटं, एक मार्क. तिकडे ५.७८ मिनिटं, दीड मार्क.

सरांनी बराच वेळ दोन्हीकडे बघितलं. "अर्धं व्हायला तीस मिनिटं लागतात," ते म्हणाले, "आणि हा बहाद्दर म्हणतो पावणेसहा मिनिटांत सगळं उरकलं. याला स्वतःला नवल नाही वाटलं?" नवल वाटायला त्याला वेळ कुठला, पुढे नर्न्स्टचं समीकरण वाट बघत होतं. पण सर लाल पेन उचलून म्हणाले, दीडचा दीडच राहू दे, आपलं ठरलंय तसं. आणि बाणवाल्या दोघांनाही तीन. मग मॉडेल आन्सरच्या कागदावर, समासात, त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: हाफ लाइफच्या टप्प्यांनी सोडवल्यास आणि टप्पे दाखवल्यास पूर्ण गुण, नुसतं उत्तर लिहिल्यास एक. मी विचारलं, बोर्डात असा पेपर दुसऱ्या कुणाकडे गेला तर? "म्हणूनच त्या बाणवाल्या पोराला बोलावून सांगणार आहे," सर म्हणाले, "की बाबा रे, तुझं बरोबर आहे, पण वरती सूत्र लिही. परीक्षक कोण असेल सांगता येत नाही." सरांनी त्याला तसं सांगितलंही. मला ते पटलं आणि नाहीही पटलं. मुलाने ज्या रस्त्याने जायचं टाळलं होतं, तोच रस्ता त्याला विम्यासारखा घ्यायला लावायचा. पण पोराचे मार्क जाण्यापेक्षा ते बरं.

एवढा काथ्याकूट आम्ही लेखीच्या ७० मार्कांसाठी करतो आणि प्रॅक्टिकलचे ३० कसे वाटतो, हे विचारू नका. फेब्रुवारीत लॅबमध्ये पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन चालू असतं. ऑक्झॅलिक अ‍ॅसिड गरम केलेलं, फ्लास्कच्या काचेवर वाफ, बुरेटमधून जांभळे थेंब आणि पहिला टिकणारा फिका गुलाबी रंग दिसला की थांबायचं. तीन रीडिंग घ्यायची, त्यातून सी.बी.आर., म्हणजे कॉन्स्टंट बुरेट रीडिंग, काढायचा. मुलांच्या जर्नलमध्ये तिन्ही रीडिंग हमखास सारखीच असतात, ९.८, ९.८, ९.८. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी बुरेट कुणी भरलीच नाही, हे मला ठाऊक, बाहेरून आलेल्या एक्स्टर्नल परीक्षकाला ठाऊक, मुलांना तर ठाऊकच. एका परीक्षेत एका मुलीने ९.८, १०.१, ९.९ अशी रीडिंग लिहिली आणि मग घाबरून मला विचारलं, "मॅडम, खोडू का?" मी म्हटलं, जे आलं ते ठेव. ठेवलं तिने. एक्स्टर्नलने तिला २७ दिले. शेजारच्या तीन वेळा ९.८ वाल्यालाही २७. तिचं काही नुकसान झालं नाही, असं मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो बँकेत आहे. म्हणाला, फायदाही नाही झाला ना.

कोविडच्या वर्षी, २०२१ला, बारावीचे पेपरच झाले नाहीत. दहावीचे, अकरावीचे आणि बारावीतल्या अंतर्गत परीक्षांचे मिळून निकाल लावला, राज्याचा लागला ९९.६३ टक्के. त्या उन्हाळ्यात घरी गठ्ठा आला नाही. माझ्या टेबलावर महिनाभर फक्त आंबे होते. किती हलकं वाटायला हवं होतं, पण अंतर्गत मार्क भरताना जी धास्ती वाटली ती बोर्डाच्या पेपरांना कधी वाटली नाही. कारण इथे नंबर नव्हता, नाव होतं. प्रत्येक आकड्यामागे चेहरा, आणि चेहऱ्यामागे माझं त्याच्याबद्दलचं मत. बारकोड चिकटवलेल्या उत्तरपत्रिकेची किंमत तेव्हा कळली.

गेल्या वर्षी निकालानंतर एक गृहस्थ मुलाला घेऊन घरी आले. मुलगा आमच्या कॉलेजचा नव्हे, पलीकडच्या गावचा. हातात केमिस्ट्रीच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा का, हे विचारायला आलेले. मुलाला लेखीत ३६ होते. मी चहा टाकला आणि पेपर वाचायला बसले. दुसऱ्याने तपासलेला पेपर वाचताना विचित्र वाटतं, माणूस दिसत नाही पण त्याचा स्वभाव दिसतो. या परीक्षकाचा हात न्यूमरिकलला मोकळा होता, रिअ‍ॅक्शन्सना घट्ट. कंडिशन्स लिहिल्या नाहीत की अर्धा गेला. षटकोनाला मात्र त्याने कुठेही हात लावला नव्हता. एका ठिकाणी मी असते तर अर्धा वाढवला असता. दुसऱ्या एका ठिकाणी त्याने दिलेला अर्धा मी दिला नसता. बेरीज बरोबर होती, न तपासलेलं काही राहिलं नव्हतं.

"मॅडम, खरे किती पाहिजे होते याला?" वडिलांनी विचारलं.

मी म्हटलं, चौतीस ते अडतीसच्या मध्ये कुठेही. चांगला परीक्षक चौतीस देईल, तितकाच चांगला दुसरा अडतीस देईल. छत्तीस अगदी मधोमध आहेत. मी हे समजुतीने, थोडं कौतुकानेच सांगितलं, एजवर्थ आणि बुरेट माझ्या मनात होते. ते माझ्याकडे बघत राहिले. एरवी मी म्हटलं असतं की आता सगळं सीईटीवर आहे, बारावीला पात्रतेपुरते मार्क आहेत ना, मग झालं. इंजिनिअरिंगवाल्यांना मी तसंच सांगते.

"डी.फार्म.ला घालायचाय," ते म्हणाले. "तिथली यादी बारावीच्याच मार्कांवर लागते. आमच्या पुतणीचं गेल्या साली थोडक्यात गेलं. चौतीस ते अडतीस म्हणता, पण यादीत एकच आकडा जातो ना मॅडम?"

मुलगा चहाच्या कपात बघत होता. मी तो वाढू शकणारा अर्धा कुठे आहे ते पान काढलं, कमी होऊ शकणारा कुठे आहे तेही दाखवलं, आणि दोन्ही बघून काय ते ठरवा म्हटलं. त्यांनी ठरवायला फार वेळ घेतला नाही. अर्ज भरायचा. मी चष्मा लावला आणि लॅपटॉप उघडला.